सर्दीची सोयरीक

कुणाची सर्दी कुणाकडून आली हे ठाऊक असलेला अख्ख्या यवतमाळ जिल्ह्यात एकच माणूस आहे, आणि तो म्हणजे माझ्या साडूचे वडील. हे माझं फार जुनं मत. मध्यंतरी असं सिद्ध झालं की त्यांना त्यातलं काहीच ठाऊक नव्हतं. तरी माझं मत काही बदललेलं नाही. यात गोंधळ आहे हे मलाही दिसतंय. मी जन्मभर यवतमाळात मराठी शिकवलं, पोरांच्या निबंधातल्या असल्या वाक्यांखाली लाल रेघा मारल्या. पण या माणसाबद्दल बोलायला लागलो की माझं डोकंच चालत नाही, त्याला मी काय करू?

माझी मेहुणी दिग्रसच्या पलीकडे एका गावात दिलेली आहे, तिचे हे सासरे. ती त्यांना मामाजी म्हणते म्हणून मीही म्हणतो. पहिल्या भेटीत मी सहज बोलून गेलो की तसं पाहिलं तर तुमचं माझं थेट नातं काहीच नाही. झालं! चहा उकळून कपात येईपर्यंत त्यांनी मला त्यांच्या चुलत मेव्हण्याच्या भाचीचा मानलेला दीर ठरवून टाकलं, आणि तेव्हापासून मी त्यांचा ‘जवाई’ आहे. दिराचा जावई कसा झाला हे मी अजून विचारलेलं नाही, कारण विचारलं तर आणखी एखादं नातं निघेल. तालुक्यातल्या कुठल्याही दोन माणसांना ते असे एका दाव्याला बांधतात. गावात कुणी गेलं की लोक आधी मामाजींकडे येतात. आपल्याला सुतक आहे का, असेल तर पुरं की तीनच दिवसांचं, याचा निवाडा त्यांच्या छपरीत होतो. भाऊबंदाला पुरं, मावस-मामेला तीन दिवस, आणि मधल्या लोकांना मामाजी विचार करून सांगतात. विचार करताना ते दुपट्ट्याचं टोक तोंडात धरतात. तेवढा वेळ कुणी बोलायचं नाही.

आता माणसांची नाती लावता लावता हा गृहस्थ सर्दीची नाती कधी लावायला लागला, कोण जाणे. मला ते कळलं एका डिसेंबरात. मी दिग्रसहून एसटीनं आलो, त्यांच्या दारात चपला काढल्या आणि शिंकलो. ‘या’ नाही, ‘बसा’ नाही. “कुठून आणली?” म्हणाले. मी म्हटलं, हवेतून आली असेल, थंडी पडलीय. “हवेतून!” मामाजी असे दचकले की जणू मी चहात मीठ मागितलं. “हवेले काय पाय हायेत, जवाई? सर्दी मानसापासून येते, मानसापासून. गाडीत बाजूले कोन बसलं होतं?” मी म्हटलं, एक बाई होती, तिच्या मांडीवर पोर होतं. “पोराचं नाक?” वाहत होतं. “गाव कोनतं त्यायचं?” मी विचारलं नव्हतं. “अरे बाप्पा! बाजूले बसून आले अन् गाव नाही इचारलं? काय मास्तर हा तुमी!” मग जेवणापर्यंत चौकशी चालली. बाई कुठे उतरली, पिशवीवर कुठल्या दुकानाचं नाव होतं, बोलण्यात ‘काहून’ होतं की ‘का बरं’. शेवटी ती बाई त्यांच्या मावसबहिणीच्या सासरची निघाली, निदान त्यांनी काढली, आणि त्यांचा चेहरा एकदम सैल झाला. “मंग भेव नाही. घरचीच सर्दी हाय. घरची सर्दी हलकी राह्यते.” खरोखर दोन दिवसांत मी बरा झालो. म्हणजे, तशी ती कुणाचीही दोन-चार दिवसांत बरी होतेच. पण हे मला यवतमाळला परत आल्यावर सुचलं.

पुढे पुढे मी तिथे गेलो की मामाजी मला गावातल्या चालू सर्द्यांची हकिकत सांगत. कापूस वेचायला बाया एकाच टेम्पोतून जातात, तिथून निघालेली एक. लग्नात पंगतीत वाढणाऱ्या पोट्ट्यानं आणलेली एक. आणि समोरच्या चक्कीतून निघालेल्या तर किती! घराघरातून दळणाचा डबा तिथे येतो, डब्याबरोबर माणूस येतो, माणसाबरोबर नाक येतं. एकदा मी हुशारी करायला गेलो. म्हटलं, मामाजी, गोवर एकदा झाला की झाला. मग सर्दी त्याच माणसाला पुन्हापुन्हा कशी होते? मला वाटलं, आता दुपट्टा तोंडात जाईल. पण उत्तर तयार होतं. “सर्दी म्हंजे पोरीची जात. इथून तिले दिग्रसले देल्ली. तिथून ते पुसदले गेली. तिथी राह्यली, तिथलं बोलनं शिकली, लुगडं नेसाची तऱ्हा बदलली. दोन-तीन सालानं माहेरी आली त मायच वळखत नाही! आंग म्हनते, हे कोन बाई आली वं घरात? वळख पटेपर्यंत नाक गयते.” मला हे इतकं पटलं की मी ते आमच्या विज्ञानाच्या मास्तरांना जाऊन सांगितलं. त्यांनी रुमाल काढून नाक पुसलं. त्यांनाही सर्दी होती.

हे असं छान चाललं होतं. मग तो मोठा कोरोना आला आणि गेला. त्याबद्दल मामाजी कधी बोलत नाहीत, त्यात त्यांच्या धाकट्या भावाला ते घालवून बसले. त्यानंतर एका हिवाळ्यात यवतमाळहून एक तरुण डॉक्टरीणबाई गावात यायला लागली. साध्या सर्दीच्या मागे कुठले विषाणू आहेत ते तपासायचं, म्हणून ती आशाताईला बरोबर घेऊन घरोघरी नाकात काडी घालायची. गाव पळत होतं. मामाजी मात्र अंघोळ करून, टोपी घालून, नाक वर करून छपरीत बसलेले! इतक्या वर्षांनी आपल्या शास्त्राचं कुणीतरी आलं, याचा त्यांना कोण आनंद. त्यांनी तिला माहेरवाशिणीची गोष्ट सांगितली. ती हसली आणि म्हणाली, “आजोबा, बरंचसं असंच आहे. विषाणू बदलत जातो, आणि शरीर त्याला नीट ओळखत नाही.” मामाजींनी माझ्याकडे असं पाहिलं की मी उगीचच उभा राहिलो.

पण पुढच्याच खेपेला तिनं सगळं मोडीत काढलं, तेही अगदी गोड बोलून. मामाजींनी टेम्पोतल्या सर्दीची म्हणून जी लांबलचक सोयरीक लावली होती, त्या बायांच्या नाकात निरनिराळेच विषाणू निघाले. शिंक सारखी, खोकला सारखा, पण कुळं वेगळी. एकीचा दुसरीशी काही संबंध नाही. वर ती म्हणाली, काहींना तर काही होतही नाही, ना शिंक ना पडसं, पण ते दुसऱ्याला देऊन जातात. मामाजी दुपट्टा चघळत बसले. “म्हंजे ज्याले सर्दी नाही त्याच्यापासून सर्दी आली?” त्यांनी मला हळूच विचारलं. मी म्हटलं, असं दिसतंय. “मंग इचारावं कोनाले?”

त्यातच चक्कीवाल्याचा निकाल आला. आशाताईनं फोनवर वाचला आणि तिचा हातच थांबला. कोरोना! पण खाली लिहिलेलं, नेहमीचा, हिवाळ्यातल्या सर्दीचा. आता एका कोरोनानं गाव इतकं पोळलेलं, त्याला ‘नेहमीचा कोरोना’ म्हणजे काय समजणार? डॉक्टरीणबाईनं पारावर उभं राहून सांगितलं, की कोरोना नावाच्या विषाणूंचं एक मोठं कुळ आहे. त्यातले काही दरसाल सर्दी आणतात, तुमच्या आजापणजांनाही आणत असतील. तो जो भयंकर होता तो यांच्या नात्यातला, पण हा तो नाही. तिनं फार सोपं सांगितलं. चूक झाली ती एवढीच, की तिनं नातं हा शब्द या गावात उच्चारला. ती गाडीत बसून गेली आणि पारावर एकच प्रश्न उरला: नात्यातला म्हणजे नेमका कोण? चुलत का मावस?

हसू नका. तिथे त्या वेळी कुणीही हसत नव्हतं. लांबचा मावसभाऊ असेल तर तीन दिवस वेगळं बसवून भागलं. चुलत असेल तर पुरं पाळावं लागणार! मला मध्ये ओढलं. मी म्हटलं, अहो, मी मराठी शिकवतो. “पण मास्तर त हा ना?” माझ्या तोंडून कसंबसं निघालं की हे सुतक नाही, रोग आहे. त्यावर सगळ्यांनी मान डोलावली आणि पुन्हा मामाजींकडे पाहिलं. बौद्धवाड्यातले एक निवृत्त पोस्टमन तेवढे म्हणाले, “आमच्यात सुतक नाही, पन नाक हाय. म्या त मास्क लावतो अन् घरी जातो.” आणि गेले. ते गेल्यावर मामाजींनी दुपट्ट्याचं टोक तोंडातून काढलं. “बाई म्हने, एका कुळातले. एका कुळातले म्हंजे भाऊबंद. भाऊबंदाले पुरं.” चक्कीवाला हात जोडून म्हणाला, “मामाजी, मावस धरा ना! मले नुसतं नाक गयते. गाव दळन कुठी करन?” मामाजी हलले नाहीत. त्यांना त्यांचा धाकटा भाऊ दिसत होता, हे मला दिसत होतं. चक्कीला कुलूप लागलं. गाव दळणासाठी शेजारच्या गावी जायला लागलं, आणि तिथून पिठाबरोबर एक नवीच सर्दी घेऊन आलं.

चक्कीवाला सुटला, न्हावी बोलावून, अंघोळ करून चक्कीवर बसला, आणि त्याच सुमारास मामाजींच्या घरी बारशाची गडबड सुरू झाली. त्यांची नात हैदराबादला असते. तिथेच बाळंत झाली होती आणि बाळाला पहिल्यांदा घेऊन दोन दिवसांसाठी येणार होती. मामाजींची ही पहिली पणती. तोवर त्यांनी तिला फोनच्या काचेवरच पाहिलेली, त्यातही बहुतेक वेळा तिचा कानच दिसायचा. म्हातारा महिनाभर दुसरं काही बोलला नाही. ओसरीचं पोतेरं स्वतः उभं राहून करून घेतलं, पाळणा काढून त्याच्या साखळ्यांना तेल दिलं, आणि पोरीला घ्यायच्या आधी हात गरम हवेत म्हणून येता-जाता तळवे चोळून बघायचे. “चार महिन्याचं पोट्टं वळखते म्हनते मांडी. एकदा मांडीवर आली ना, जलमभर वळख राह्यते,” असं ते मला फोनवर सांगत. माझी बायको आणि मी बारशाच्या आधीच जाऊन पोचलो.

पोचलो तर दारात आशाताई उभी, आणि तिच्या हातात फोन. मामाजींच्या नाकात काडी घालून आठवडा होत आला होता. त्यांना घशात जरा खवखव होती, ती त्यांनी शेंगदाण्यांच्या नावावर टाकली होती. निकाल आला होता. नेहमीचा, हिवाळ्यातला, साधा. कोरोना.

काय सांगू त्या घराची दशा! मेहुणी चुलीपाशी रडायला लागली, साडू म्हणाला, काही होत नाही, साधाच आहे. मग म्हणाला, पण लेकरू आहे. मग पुन्हा म्हणाला, काही होत नाही. गाडी हैदराबादहून निघालेली. बातमी पसरायला वेळ लागला नाही आणि कुंपणापाशी माणसं जमली. चक्कीवाला सगळ्यात पुढे. मला वाटलं, आता हा वचपा काढणार. पण तो कुंपणाला टेकून नुसता उभा राहिला. मामाजींनी मला कोपऱ्यात घेतलं. आवाज इतका खाली की मला वाकावं लागलं. “जवाई, तुमी शिकलेले. एखांद्या पुस्तकात मावस लिवलं असन त पाहा ना.” मावस धरला असता तर खवखव सुरू झाल्याला तीन दिवस कधीच उलटून गेले होते. पोरगी मांडीवर येत होती.

मी अंगणात जाऊन डॉक्टरीणबाईला फोन लावला. मनातून मला तिनं ‘मावस’ म्हणावं असं वाटत होतं, इतका मी त्या गावचा झालो होतो. ती म्हणाली, काका, असं दिवसांचं गणित नाही. घाबरायचं कारण नाही. आजोबा बरे होतील. पण इतक्या लहान बाळाची छाती नाजूक असते. खोकला-पडसं आहे तोवर त्यांनी बाळाला घेऊ नये, जवळ जाऊ नये. मास्क लावून, मोकळ्या अंगणात, लांबून बघायला हरकत नाही. मी तिला पुन्हा विचारलं. तिनं पुन्हा तेच सांगितलं, जरा हळू आवाजात. मी परत आलो आणि मामाजींना जसंच्या तसं सांगितलं. चुलतही नाही, मावसही नाही. तेवढ्यात त्यांना खोकला आला. कोरडा, छोटासाच. त्यांनी तोंडावर दुपट्टा धरला आणि कुंपणाकडे पाहून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, “चुलत. म्या सांगितलं ना एकदा. पुरं.”

आणि स्वतःची बाज स्वतः उचलून अंगणाच्या पार टोकाला, बैलांच्या कोठ्यात जाऊन बसले. मला तेव्हा त्यांचा राग आला, खोटं कशाला सांगू? या माणसाला एकदा तरी, स्वतःसाठी तरी, मावस म्हणता येऊ नये? मग मला वाटलं, बरं झालं. मग पुन्हा राग आला. संध्याकाळी गाडी आली, पोर उतरली, आणि कोठ्याच्या दारात मामाजी उभे राहिले, मास्क, त्यावर दुपट्टा, वर टोपी. माणसाचे डोळे तेवढे दिसत होते.

बारसं अंगणातच केलं. घरात असतं तर त्यांना काही दिसलं नसतं, म्हणून साडूनं पाळणा कडुलिंबाला टांगला. बाया गात होत्या, घुगऱ्या वाटल्या जात होत्या, पोरीच्या आत्यानं कानात नाव सांगितलं, पाठीवर धपाटे बसले. आणि त्या सगळ्या गलबल्यात चक्कीवाला ताट घेऊन सरळ कोठ्याकडे निघाला. साडू ओरडला, अरे, तिकडे कुठे? “मले होऊन गेला ना हा चुलत! माह्या आंगानं वळखेल हाय त्याले.” मामाजी त्याला हातानं परत जा, परत जा करत होते. “बदलून आला असन त?” “आला त आला. पाहून घेऊ. तुमी जेवा.” असं म्हणून तो बैलांच्या गव्हाणीवर टेकून बसला आणि दोघं जेवले. नंतर नातीनं पाळण्यातून पोरीला उचललं, अंगणाच्या मधोमध आली आणि तिचं तोंड कोठ्याकडे करून उंच धरलं. सगळ्या बाया गायच्या थांबल्या. “दिसली का, आबा?” मामाजींनी टाचा उंचावल्या. मग म्हणाले, “दिसली, माय. नाक आपल्या घरचं हाय.” गरम केलेले हात त्यांनी एकमेकांत धरले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी निघाली, ती वळणावर दिसेनाशी होईपर्यंत म्हातारा कोठ्याच्या दारात उभा होता. परत येताना माझी बायको रस्ताभर रडली. मी नाही रडलो. मला नुसतं खिडकीबाहेर बघावंसं वाटत होतं.

यंदाच्या दिवाळीत ती पोर आली. आता रांगते, दिसेल ते तोंडात घालते, आणि नाकाला सदा धार. आम्ही भाऊबीज उरकून गेलो तेव्हा हैदराबादची मंडळी आदल्याच दिवशी परत गेली होती. मामाजी छपरीत बाजेवर बसलेले, डोळे लाल, नाक त्याहून लाल, एकामागून एक शिंका. मेहुणी आतून सांगत होती, की काही ऐकलं नाही हो, दिवसभर मांडीवर, उतरवूच देत नव्हते, ती तोंडावर शिंकली तरी हसतच बसले. मी चपला काढल्या, समोर बसलो, आणि इतक्या वर्षांत कधी मिळाली नव्हती ती संधी साधून विचारलं, “कुठून आणली, मामाजी?”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. दुपट्ट्याचं टोक तोंडात धरलं, मग काढलं. रस्त्याकडे बघत म्हणाले, “काय मालूम, बाप्पा. थंडी पडून राह्यली. हवेतून आली असन.”

मेहुणी सुंठेचा काढा घेऊन आली तर त्यांनी हात आडवा केला. “राहू दे वं. कायले घाई करतं? जाईन ना दोन दिवसानं.” आणि रिकामी मांडी जरा सावरून, कुणी बसलेलं असावं तसे ते बसून राहिले. आम्ही दुसऱ्या दिवशी संध्याकाळच्या गाडीनं परत निघालो. यवतमाळ येईपर्यंत मला चार शिंका आल्या. बायकोनं विचारलं, “अहो, ही कुठून आणली?” मला त्या सर्दीचं गाव, तिचं घर, तिची अख्खी सोयरीक पाठ होती. मी रुमाल नाकाला लावला आणि म्हटलं, हवेतूनच आली असेल.